दिल्लीत न पोहोचणारी वाईन : फ्रान्सच्या द्राक्षभूमीतील खाजगी दौरा आणि राजधानीचा प्रवासी

फ्रान्समधील एखाद्या द्राक्षप्रदेशात स्थानिक वाटाड्याला सोबत घेऊन, स्वतंत्र गाडीने, आधी वेळ ठरवून दोन-तीन उत्पादकांच्या तळघरांना भेट देणे आणि तेथे तयार होणाऱ्या वाईनचा आस्वाद घेणे, अशा स्वरूपाचा खाजगी दौरा दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा येथील सुस्थित कुटुंबांच्या युरोपप्रवासात आता दिसू लागला आहे. अशा दौऱ्याकडे पाहण्याच्या दोन रूढ पद्धती आहेत. काहींना ती श्रीमंतांची हौस वाटते, तर काहींच्या लेखी पॅरिसमधल्या मनोऱ्यानंतर छायाचित्रांच्या यादीत भर घालणारे ते आणखी एक स्थळ असते. दोन्ही पद्धतींत एक साधा प्रश्न बाजूला पडतो. जगभरच्या बाटल्या विकत मिळण्याइतकी क्रयशक्ती असलेल्या राजधानीतील माणसाला वाईनसाठी सुमारे साडेसहा हजार किलोमीटर दूर का जावे लागते, आणि तेथे गेल्यावर वाटाड्याला पैसे मोजल्याने त्याला नेमके काय मिळते, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर फ्रान्सच्या मातीत जितके आहे तितकेच दिल्लीच्या अबकारी व्यवस्थेत आहे.

बर्निएचे निरीक्षण

दिल्लीत वाईन मिळत नाही ही तक्रार साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे आणि ती एका फ्रेंच माणसानेच नोंदवलेली आहे. औरंगजेबाच्या काळात मोगल दरबारी वावरलेला वैद्य आणि तत्त्वज्ञ फ्रान्स्वा बर्निए याने 1663 मध्ये दिल्लीहून पॅरिसच्या आपल्या मित्राला लिहिलेल्या दीर्घ पत्रात या शहराच्या बाजारांचे वर्णन केले आहे. शहरातील कोणत्याही दुकानात वाईन मिळत नाही, देशी द्राक्षांपासून ती करता येण्याजोगी असली तरी हिंदू आणि मुसलमान या दोघांच्याही धर्मनियमांत तिला मनाई आहे, आणि जी थोडी मिळते ती इराणच्या शिराझची किंवा कॅनरी बेटांची असते, असे त्याचे निरीक्षण आहे. शिराझची वाईन बंदर अब्बासहून समुद्रमार्गे सुरतेला येई आणि तेथून दिल्लीला पोहोचण्यास खुष्कीच्या मार्गाने 46 दिवस लागत; कॅनरीची वाईन डच व्यापारी सुरतेस आणत. दोन्ही इतक्या महाग पडत की किमतीमुळे चवीचा आनंदच उरत नाही, अशा आशयाची टिप्पणीही त्याने केली आहे.

बर्निएच्या नोंदीतून तीन अडथळे स्पष्ट होतात : सामाजिक निषेध, लांबचा प्रवास आणि त्यातून वाढणारी किंमत. यांपैकी प्रवासाचा अडथळा विमानांनी आणि शीतपेट्यांनी दूर केला, आणि निषेधाची धार महानगरी वर्गापुरती तरी बोथट झाली. 2002 मध्ये स्थापन झालेला दिल्ली वाईन क्लब, राजधानीतून निघणारे ‘सोमेलिए इंडिया’ हे वाईनविषयक नियतकालिक आणि पंचतारांकित हॉटेलांतील वाईन-भोजने ही त्या बदलाची लक्षणे होत. (उपाहारगृहात वाईनची निवड, साठवण आणि वाढप यांची जबाबदारी सांभाळणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीस फ्रेंचमध्ये सोमेलिए म्हणतात.) तिसरा अडथळा मात्र नव्या रूपात उभाच राहिला.

परवान्यांची भिंत

भारतीय राज्यघटनेत मानवी सेवनासाठीच्या मद्यावर अबकारी कर लावण्याचा अधिकार राज्यांकडे आहे आणि 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हाही मद्य त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. त्यामुळे मद्याच्या बाबतीत देश ही एक बाजारपेठ नसून जितकी राज्ये तितक्या बाजारपेठा आहेत, आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात तर मेट्रोच्या एकाच प्रवासात तीन अबकारी राजवटी ओलांडल्या जातात. दिल्लीत मद्यपानाचे किमान वय 25 वर्षे आहे; उत्तर प्रदेशात, म्हणजे नोएडा व गाझियाबादमध्ये, ते 21 आहे; हरियाणाने डिसेंबर 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ते 25 वरून 21 वर आणले. दिल्लीतील किरकोळ विक्री 2021–22 च्या धोरणानुसार काही काळ पूर्णतः खाजगी दुकानदारांकडे गेली होती; ते धोरण वादग्रस्त ठरून मागे घेण्यात आले आणि 1 सप्टेंबर 2022 पासून विक्री पुन्हा सरकारी महामंडळांच्या दुकानांतून सुरू झाली. गुरुग्राममध्ये मात्र खाजगी परवानाधारकांची मोठी दुकाने आहेत आणि विदेशी वाईनची निवड तेथे अधिक विस्तृत असते, हे दक्षिण दिल्लीतील ग्राहकांना चांगले ठाऊक आहे. एका राज्यातून घेतलेली बाटली दुसऱ्या राज्यात नेण्यावर मर्यादा आहेत, हेही त्यांना ठाऊक असतेच.

विदेशी वाईनवर सर्वप्रथम सीमाशुल्क बसते. ते दीर्घकाळ 150 टक्के राहिले. 2021 च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क 50 टक्क्यांवर आणून त्यावर 100 टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लावण्यात आला, म्हणजे नावे बदलली आणि बेरीज तीच राहिली. बंदरावर एक हजार रुपये किमतीची ठरलेली बाटली केवळ या एका टप्प्यावर अडीच हजारांची होते. आयातदाराचा नफा, राज्याचा अबकारी कर, मूल्यवर्धित कर आणि दुकानदाराचा वाटा हे त्यानंतरचे टप्पे होत. ऑस्ट्रेलियाशी 2022 मध्ये झालेल्या व्यापार करारान्वये ठरावीक किमतीवरील बाटल्यांना शुल्कात सवलत मिळाली आणि युरोपीय संघाशी चाललेल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा जानेवारी 2026 मध्ये झाली. त्यातही वाईनवरील शुल्क टप्प्याटप्प्याने खाली आणण्याची तरतूद आहे.

तथापि केवळ शुल्क उतरल्याने ही भिंत पडणार नाही, कारण शुल्काइतकीच निर्णायक अशी दुसरी अट आहे. राज्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक विदेशी वाईनची त्या राज्याच्या अबकारी खात्याकडे नोंदणी करावी लागते, तिचे शुल्क दरवर्षी भरावे लागते आणि बाटलीवर त्या राज्याच्या नियमांनुसार मजकूर छापावा लागतो. लाखो बाटल्या तयार करणाऱ्या कंपनीला हा खर्च किरकोळ वाटतो. ज्याच्या एका वाईनच्या वर्षाला जेमतेम हजारभर बाटल्या निघतात आणि त्यांतल्या साठ-सत्तरच दिल्लीच्या वाट्याला येऊ शकतात, त्या उत्पादकासाठी आणि त्याच्या आयातदारासाठी मात्र तो व्यवहारच अशक्य होतो. परिणामी दिल्लीच्या दुकानांत फ्रान्स दिसतो तो मोठ्या व्यापारी घराण्यांचा. लहान उत्पादकांचा फ्रान्स तेथे पोहोचत नाही. खाजगी दौऱ्याचे खरे प्रयोजन या जागी सुरू होते.

बर्गंडी : तुकड्यांचा प्रदेश

लहान उत्पादकांचा फ्रान्स म्हणजे काय, हे समजण्यासाठी देशाच्या पूर्व भागातील बर्गंडी हा प्रदेश सर्वांत उपयुक्त आहे. दिझाँ शहरापासून दक्षिणेकडे बोन गावाच्या पलीकडे सुमारे पन्नास-साठ किलोमीटर पसरलेला ‘कोत दोर’ हा अरुंद उतार या प्रदेशाचा गाभा होय. येथे लाल वाईनसाठी पिनो न्वार आणि पांढऱ्या वाईनसाठी शार्दोने या दोनच जातींची द्राक्षे प्रामुख्याने लावली जातात. 1395 मध्ये बर्गंडीचा ड्यूक धाडसी फिलिप याने अधिक उत्पादन देणाऱ्या गामे जातीविरुद्ध फर्मान काढले होते, त्यामुळे पिनो न्वारच्या या मक्तेदारीला राजाज्ञेचाही इतिहास आहे.

द्राक्षाची जात एकच असताना वाईन शेकडो प्रकारच्या कशा होतात, याचे उत्तर तेथील लोक जमिनीच्या तुकड्यात शोधतात. प्रत्येक तुकड्याची माती, उतार, निचरा आणि सूर्याभिमुखता वेगळी असते, म्हणून त्याला स्वतंत्र नाव आणि हद्द देण्यात आली; अशा नामांकित तुकड्याला बर्गंडीत ‘क्लिमा’ म्हणतात. बोन व दिझाँच्या परिसरातील अशा 1,247 क्लिमांचा समावेश युनेस्कोने जुलै 2015 मध्ये जागतिक वारसा यादीत केला. उताराच्या मधल्या पट्ट्यात चुनखडी व मार्ल, म्हणजे चुनखडीमिश्रित चिकणमाती, यांचे प्रमाण जमून येते आणि पाण्याचा निचरा उत्तम होतो. सर्वोच्च दर्जाचे, म्हणजे ‘ग्राँ क्रू’ म्हणून मान्य झालेले 33 मळे बहुतांशी याच उंचीवरचे आहेत. त्याखाली ‘प्रमिए क्रू’, मग गावाच्या नावाची वाईन आणि सर्वांत खाली प्रदेशाच्या नावाची वाईन, अशी ही उतरंड आहे. 1935 च्या कायद्याने आलेल्या मूळस्थान-नियंत्रण पद्धतीने तिला वैधानिक रूप मिळाले. कोणत्या जमिनीत कोणती जात लावायची, हेक्टरी किती उत्पादन घ्यायचे आणि लेबलवर कोणते नाव छापायचे, हे सर्व त्या पद्धतीत ठरवून दिलेले असते.

यावर मालकीच्या विभागणीची आणखी एक गुंतागुंत आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या आणि नेपोलियनच्या संहितेने सर्व अपत्यांना वारसाहक्क दिला, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत गेल्या. बाराव्या शतकापासून सितो येथील मठाच्या साधूंनी जोपासलेला क्लो द व्हूजो हा सुमारे 50 हेक्टरांचा, दगडी भिंतीने वेढलेला मळा आज सुमारे 80 मालकांत विभागलेला आहे. भिंत एक, नाव एक आणि लेबलवरचा दर्जाही एक असला तरी वाईन मात्र ऐंशी हातांची असते, आणि त्यांतील कोणता हात काळजीचा व कोणता हलगर्जीचा हे लेबल सांगत नाही. मराठी शेतकऱ्याला सातबाऱ्यावरच्या पोटहिश्श्यांची जी कटकट परिचित आहे, तिचेच हे फ्रेंच रूप म्हणता येईल. फरक इतकाच की तेथे पोटहिस्सा लहान झाला तरी जमिनीच्या नावाचे मोल कमी झाले नाही.

बर्गंडीचे पारंपरिक ओक पिंप 228 लिटरचे असते, म्हणजे एका पिंपातून 750 मिलिलिटरच्या सुमारे 300 बाटल्या निघतात. एखाद्या कुटुंबाकडे एका क्लिमातून तीन पिंपे वाईन येत असेल, तर साऱ्या जगासाठी तिच्या नऊशे बाटल्या असतात. या साध्या हिशेबावरून दिल्लीच्या वार्षिक नोंदणी शुल्काचा भार अशा वाईनला का पेलत नाही, हे ध्यानात येते. आणि ती चाखायची तर तिच्या तळघरापर्यंत जाण्यावाचून मार्ग का उरत नाही, हेही.

वाटाड्या काय करतो

या तळघरांवर पाट्या असतात, परंतु दारे सहसा बंद असतात. कुटुंबातील दोन-तीन माणसे मळा, तळघर, विक्री आणि हिशेब सांभाळतात. त्यांच्याकडे स्वागतकक्ष नसतो आणि वेळही नसतो. पूर्वसूचनेविना आलेल्या अनोळखी पाहुण्याला तेथे दार उघडले जाईलच असे नाही. ज्या वाटाड्याने त्या कुटुंबाशी वर्षानुवर्षे संबंध राखले आहेत, जो मोजकीच आणि खरोखर उत्सुक असलेली माणसे आणतो, त्याच्यासाठी मात्र ते उघडते. खाजगी दौऱ्याच्या शुल्काचा मोठा भाग या विश्वासाची किंमत असतो.

दौऱ्याची सुरुवात बहुधा उतारावर होते. पायथ्याच्या मोठ्या रस्त्याच्या पूर्वेस साध्या वाईनचे मळे, पश्चिमेस गावांच्या नावाचे, त्यावर उंच दर्जाचे आणि अगदी माथ्याला पुन्हा साधे, हा क्रम प्रत्यक्ष पायाखाली दाखवणारा वाटाड्या नंतरच्या आस्वादनाला अर्थ देतो. 1937 मध्ये सुरू झालेला ‘रूत दे ग्राँ क्रू’ हा वाईनमार्ग जव्हरे-शाम्बर्तँ, व्हूजो, व्होन-रोमाने आणि न्वी-सँ-जॉर्ज या गावांतून जातो. व्होन-रोमाने येथे 1.8 हेक्टरांचा रोमाने-काँती हा जगातील सर्वांत महाग वाईनपैकी एकीचा मळा रस्त्यावरून कोणालाही पाहता येतो, पण आत पाऊल ठेवता येत नाही. बोनमध्ये 1443 साली निकोला रोलँ याने स्थापन केलेले धर्मादाय रुग्णालय आहे. दानात मिळालेल्या मळ्यांची वाईन ही संस्था 1859 पासून लिलावात विकत आली आहे. लिलाव नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे बहुधा दिवाळीनंतर, भरतो.

तळघरात गेल्यावर उत्पादक काचेच्या नळीने पिंपातली कच्ची वाईन पेल्यात देतो. ती आधी प्रदेशाची, मग गावाची, मग प्रमिए क्रू अशा चढत्या क्रमाने चाखली जाते. प्रत्येक घोट गिळायचा नसून तोंडात फिरवून थुंकण्यासाठी ठेवलेल्या भांड्यात टाकायचा असतो, आणि यजमान स्वतःच तसे करत असल्यामुळे त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. उत्पादकाचे बोलणे फ्रेंचमध्ये असते. वाटाड्याचे दुभाषाचे काम येथे कसास लागते, कारण पावसाळी वर्ष, गारपीट, बुरशी आणि फवारणी यांविषयीची माहिती शब्दशः भाषांतरातून कळत नाही, ज्ञानातून कळते. दोन तळघरे सकाळी आणि एक दुपारी, एवढाच दिवसाचा आवाका असावा; बारा ते दोन ही भोजनाची वेळ फ्रान्समध्ये पाळली जाते आणि रविवारी बहुतेक लहान तळघरे बंद असतात.

वाटाड्याची गरज कायद्यानेही निर्माण केली आहे. फ्रान्समध्ये रक्तातील अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे 0.5 ग्रॅम आहे. भारतातील 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा ती सैल असली, तरी तीन तळघरांनंतर गाडी चालवण्यास ती मुळीच पुरेशी नाही. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या चालकाला तेथे व्यावसायिक नोंदणी आवश्यक असते आणि स्मारके व संग्रहालयांत व्यावसायिक मार्गदर्शन करण्यासाठी स्वतंत्र ओळखपत्र लागते. म्हणून ठरवण्यापूर्वी प्रवाशाने काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : गाडीचा परवाना व विमा आहे काय, आस्वादनाचे शुल्क दरात धरले आहे की वेगळे, भेट उत्पादकाशी होणार आहे की केवळ विक्रेत्याशी, आणि वाटाड्याला दुकानांकडून दलाली मिळते काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टाळणारा वाटाड्या टाळावा.

इतर प्रदेशांत गरज किती

हे तर्कशास्त्र प्रत्येक प्रदेशाला सारखे लागू होत नाही. शाम्पेन प्रदेशातील रँस हे शहर पॅरिसहून वेगवान रेल्वेने पाऊण तासावर आहे आणि तेथील मोठ्या घराण्यांच्या चुनखडीत खोदलेल्या तळघरांतून इंग्रजी बोलणारे त्यांचेच मार्गदर्शक फिरवतात. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण घडवून बुडबुडे कसे निर्माण होतात आणि साधी शाम्पेनही किमान 15 महिने का साठवावी लागते, हे तेथे उत्तम समजते, त्यामुळे खाजगी वाटाड्यावर खर्च करण्याची निकड नाही. स्वतःच्या मळ्यातील द्राक्षांपासून स्वतः शाम्पेन करणारे लहान उत्पादक शोधायचे असतील तर गोष्ट वेगळी. लेबलवर बारीक अक्षरांत छापलेली ‘आर एम’ ही अक्षरे त्यांची ओळख होत.

बोर्दोची रचना बर्गंडीच्या उलट आहे. तेथे क्रमवारी जमिनीच्या तुकड्याला नसून ‘शातो’ला, म्हणजे वाडा, मळा आणि तळघर मिळून होणाऱ्या जहागिरीला आहे. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी केलेल्या वर्गवारीत आजवर ठळक असा एकच बदल झाला आणि तो 1973 मध्ये मूताँ-रोत्शिल्दला पहिल्या श्रेणीत बढती मिळाल्याचा. 2017 मध्ये सुरू झालेल्या जलद लोहमार्गामुळे पॅरिसहून बोर्दोला दोन तासांच्या आसपास पोहोचता येते. शहरातील ‘सिते द्यू व्हँ’ हे 2016 मध्ये उघडलेले वाईन-संग्रहालय पायी पाहता येते आणि 1999 पासून जागतिक वारसा यादीत असलेले सँ-तेमिल्यों हे गाव रेल्वेने गाठता येते. नदीच्या डाव्या तीरावरच्या मेदोक भागात मात्र शातो एकमेकांपासून दूर असल्याने गाडी व पूर्वनियोजन लागते. आल्सासमध्ये 1953 पासून आखलेला सुमारे 170 किलोमीटरचा वाईनमार्ग गावांना इतका जोडून घेतो आणि गावातच उत्पादकांची दारे इतकी मोकळी असतात की सायकल व नकाशा पुरेसा होतो. फ्रेंच पर्यटन यंत्रणेने 2009 मध्ये सुरू केलेली ‘व्हिन्योब्ल ए देकूव्हर्त’ ही मान्यता-चिन्हाची योजना स्वतंत्रपणे फिरणाऱ्यांना विश्वासू ठिकाणे दाखवते.

पहिला धडा महाराष्ट्रात

या साऱ्याची पूर्वतयारी मात्र फ्रान्सपेक्षा जवळ करता येते, आणि राजधानीतील प्रवाशाने ती करणे शहाणपणाचे ठरेल. फ्रेंच वाईनविद्येचा भारतातील आधुनिक प्रवेश महाराष्ट्रातून झाला. 1980 च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे शाम्पेनमधील पिपर-हाइडसिक या घराण्याच्या तांत्रिक साहाय्याने बुडबुड्यांची वाईन तयार केली. राजीव सामंत यांनी नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात 1997 मध्ये सोव्हिन्यों ब्लाँ व शनँ ब्लाँ या फ्रेंच जातींची लागवड केली आणि त्यांच्या सुला वायनरीने 2005 मध्ये तेथे देशातील पहिली टेस्टिंग रूम उघडली. 2001 च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने या उद्योगाला करसवलत दिली, विंचूर येथे वाईन पार्क उभे राहिले आणि दिंडोरी तालुक्यात शाँदाँ ही फ्रेंच कंपनी स्वतःच उत्पादनासाठी आली.

दिल्लीशी थेट नाते सांगणारी वायनरी मात्र सोलापूर जिल्ह्यात आहे. दिल्लीतील सेखरी, अकलूजचे मोहिते-पाटील आणि इटलीचे सेच्ची या तीन कुटुंबांतील भावंडांनी मिळून ‘फ्रातेल्ली’, म्हणजे भाऊ, या नावाने ती उभारली. तोस्कानातील पिएरो मासी हे तिचे वाईनतज्ज्ञ होते. राजधानीच्या भांडवलाला द्राक्षासाठी माळशिरस तालुक्यात यावे लागले, यावरून दिल्ली आणि वाईन यांचे नाते ग्राहकाचे आहे, भूमीचे नव्हे, हे अधोरेखित होते.

नाशिक किंवा अकलूज पाहून फ्रान्सला गेलेल्या प्रवाशाला तेथील फरक दिसतात. महाराष्ट्रात वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जात नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर गोडी छाटणी अशा दोन छाटण्या होऊन जानेवारी ते मार्चमध्ये काढणी होते. फ्रान्समध्ये छाटणी हिवाळ्यात एकदा आणि काढणी बहुधा सप्टेंबरात. येथे ठिबकाविना बाग उभी राहत नाही, तर तेथे मूळस्थान-नियंत्रित मळ्यांत सिंचनावर कडक निर्बंध आहेत. येथे क्षार आणि पाणीटंचाईमुळे डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात. तेथे 1860 च्या दशकात आलेल्या, मुळांवर जगणाऱ्या फायलोक्सेरा किडीने देशभरातील मळे उद्ध्वस्त केल्यापासून फ्रेंच वेल अमेरिकी खुंटांवरच उभी आहे. बर्गंडीतील शेतकऱ्याला ‘खुंट कोणता?’ असा प्रश्न विचारणाऱ्या पाहुण्याशी त्याचे बोलणे वेगळ्या पातळीवर सुरू होते. मात्र वाईनविषयी महाराष्ट्रातील समाजाचे मत एकमुखी नाही : जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईनविक्रीस मान्यता देण्याचा निर्णय घेतला, अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी त्यास विरोध केला आणि तो अमलात आला नाही.

व्यवहार आणि निर्णय

दिल्लीहून जाणाऱ्याने काही व्यावहारिक बाबी ध्यानात घ्याव्यात. शेंगेन व्हिसाचे शुल्क जून 2024 पासून प्रौढांसाठी 90 युरो आहे आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. ऑगस्टमध्ये अनेक फ्रेंच कुटुंबे सुटीवर असतात आणि सप्टेंबरच्या काढणीत उत्पादकाला वेळ नसतो, म्हणून मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे काळ अधिक सोयीचे. काटेकोर शाकाहारी प्रवाशांनी हे जाणून असावे की लाल वाईन नितळ करण्यासाठी काही उत्पादक अंड्याचा पांढरा भाग वापरतात. विचारल्यास ते प्रांजळपणे सांगतात. परतताना इंदिरा गांधी विमानतळावर प्रति प्रौढ प्रवासी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येते, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि एक अर्धी बाटली. त्यापलीकडे शुल्क भरावे लागते. शिवाय मद्यसेवनाची कोणतीही पातळी आरोग्यासाठी पूर्णतः सुरक्षित नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलेली भूमिका या साऱ्याच्या वर ठेवणे आवश्यक आहे. आस्वादनात थुंकण्याची रीत त्या दृष्टीनेही हिताची आहे.

या सर्वांतून निघणारा निष्कर्ष असा की फ्रान्समध्ये सरसकट खाजगी वाटाड्या घेणे हा अपव्यय आहे आणि बर्गंडीत तो न घेणे ही चुकीची काटकसर आहे. शाम्पेन, आल्सास आणि सँ-तेमिल्यों येथे रेल्वे, पायपीट आणि थोडे वाचन पुरेसे ठरते. ज्या वाईन दिल्लीच्या नोंदवहीत कधीच चढणार नाहीत त्या चाखण्यासाठी बर्गंडीतील एक दिवस आणि एक चांगला वाटाड्या यांवर खर्च करावा. त्याआधी एखाद्या फेब्रुवारीत नाशिक किंवा अकलूजच्या मळ्यात काढणी पाहून यावी. तिचा खर्च बर्गंडीच्या एका दिवसापेक्षा फार कमी असतो, आणि तेथे शिकलेले प्रश्न बर्गंडीच्या तळघरात कामास येतात.